भिंगवाल्या मॅडम

बस थांब्याच्या ओट्याला अगदी चिकटून उभी राहिली, तेव्हाच चष्मेवालीच्या मनात पाल चुकचुकली.

आजवर बस अशी कधी लागली नव्हती. ती लागायची रस्त्याच्या मधोमध, रुसलेल्या पाहुण्यासारखी लांब, आणि तेही लागलीच तर. चष्मेवालीची चाकांची खुर्ची दिसली की बऱ्याच ड्रायव्हरांना अचानक दुसऱ्या बाजूच्या आरशात काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागे. गाडी वेग घेई आणि दारातून कंडक्टर हात हलवून ओरडे, "मागून रिकामी येतेय." ती मागून येणारी रिकामी गाडी चष्मेवालीने जन्मात पाहिली नव्हती.

आज मात्र गॉगलवाला ड्रायव्हर खिडकीतून मान काढून टायर आणि ओटा यांच्यामधली फट बघत होता. सुईत दोरा ओवताना बघतात तसा. दार उघडलं. कंडक्टर टुणकन खाली उतरला, दारातल्या घडीच्या फळीला आकडा अडकवून त्याने ती उलटली आणि ओट्यावर टेकवली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने खिशातून फडकं काढलं आणि फळी पुसली.

"या मॅडम," तो म्हणाला. "सावकाश. घाई नाही."

मॅडम ऐकून चष्मेवालीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

तिला चष्मेवाली म्हणत, पण तिच्या स्वतःच्या नाकावर चष्मा नव्हता. डोळे सुरीसारखे. लहानपणी एका तापात पाय गेले, बाकी सगळं जागेवर राहिलं, जीभ तर विशेषच. बरीच वर्षं ती मावशीच्या घरी बसून कपड्यांना बटणं लावायची. मग चष्म्याच्या दुकानात, मागच्या टेबलावर काचा घासून फ्रेमीत बसवायचं काम मिळालं, आणि गल्लीने तिचं नाव बदलून टाकलं. काम अजून पक्कं नव्हतं. दुकानदाराने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "हात चांगला आहे तुमचा. पण मला शटर उघडताना माणूस लागतो, दुपारी उगवणारा नको. महिनाअखेर बघू." लोक कामावर जाता जाता चष्मा घ्यायला येत. त्या वेळी मागचं टेबल रिकामं असलं की दुकानदाराला स्वतः बसावं लागे, आणि पुढे गिऱ्हाईक ताटकळे. चष्मेवाली दोनतीनदा उशिरा पोचली होती. कारण विचारलं की तिच्याकडे एकच उत्तर असे, बस थांबली नाही. ते तिला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं होतं.

आणि आता ही फळी पुसणं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी थांब्यावरचा लोखंडी खुंट गायब. त्या खुंटांची गोष्ट अशी, की मागे कधीतरी थांबे सगळ्यांच्या सोयीचे करायची टूम निघाली. ओट्याला छान उतार केला, खुर्चीच्या चित्राची निळी पाटी लावली. मग त्या उतारावरून मोटरसायकली ओट्यावर चढायला लागल्या, म्हणून उताराच्या तोंडाशी खुंट रोवले. मोटरसायकली बाजूने वाट काढून चढतच राहिल्या. अडली फक्त खुर्ची. कोणाचे तरी हात मिळाले तर चष्मेवाली ओट्यावर, नाहीतर रस्त्याच्या कडेला धूर खात. आता मधला खुंट मुळापासून कापलेला होता, आणि त्या जागी ओलं सिमेंट लिंपलेलं.

"काहीतरी काळंबेरं आहे," ती संध्याकाळी मावशीला म्हणाली.

मावशी चादरीच्या घड्या घालत होती. ती कुठल्याही बातमीवर आधी संशय घेई आणि मग पुढचं ऐके. "निवडणूक आली का?"

"नाही."

"मग कोणी मोठा माणूस त्या रस्त्याने जायचा असेल."

"मोठ्या माणसाला फळी कशाला लागते? तो आपल्या गाडीतून जाईल."

मावशीने चादरीचं टोक हनुवटीखाली धरून विचार केला. "तो ड्रायव्हर लग्नाचा आहे का?"

"मावशी, तो गॉगल लावतो."

"मग काय झालं? लोक लावतात."

"फूटपाथवरचा आहे, प्लॅस्टिकचा. त्यातून सगळं वाकडंतिकडं दिसतं. त्याला मी चालतानासुद्धा दिसत असेन."

मावशी हसली नाही. घडी ठेवत म्हणाली, "हसण्यावारी नेऊ नकोस. उगाच कोणी कोणाची फळी पुसत नाही. हे लोक काहीतरी मागणार तुझ्याकडे. फक्त कधी, ते बघ."

चष्मेवाली बघत राहिली. फळी पुसली जात होती, मॅडम म्हटलं जात होतं, ती दुकानात शटरच्या आधी पोचत होती. दुकानदार खूश होता, निदान कुरकुरत तरी नव्हता. आणि तिला घास गिळताना खडा लागेल की काय, असं रोज वाटत होतं. तिच्याकडे मागण्यासारखं होतं तरी काय? टाकाऊ काचांची एक डबी. ती डबी दुकानदारानेच दिली होती, सरावाला. काही डोळ्यांचा नंबर तिरपा असतो. तशी काच डोळ्यापुढे धरून एखाद्या सरळ रेघेकडे बघायचं आणि काच हळूहळू फिरवायची. रेघ मोडते, कलते, आणि एका जागी पुन्हा सरळ होते. ती जागा चटकन सापडली पाहिजे, नाहीतर चष्मा चुकतो. सरळ रेघ म्हणून चष्मेवालीला थांब्याचा खांब बरा पडे. बस यायला वेळ असला की ती काच डोळ्यापुढे धरून खांब बघे, ओट्याची कड बघे, पाटीची चौकट बघे.

आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. मास्तर दिसत नव्हते.

मास्तर पुढच्या थांब्यावर चढायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, एक पाय मांडीपासून नाही, दोन कुबड्या. त्यांची बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्या आजारी माणसांना सांभाळतात तिथे होती. तिला सकाळी थोडा वेळ माणसं ओळखू येत. ऊन वर चढलं की मास्तर आणि दाराचा पडदा तिला सारखेच. म्हणून मास्तरांना सकाळचीच बस हवी. पूर्वी दोघं बसमध्ये शेजारी बसून त्या दिवशी कोणाला किती गाड्या सोडून गेल्या याचा हिशेब करत, आणि मास्तर म्हणत, "तुझ्यापेक्षा मी पुढे आहे गं." बरेच दिवस झाले, ती जागा रिकामीच जात होती. आजारी असतील, तिने मनाशी ठरवलं होतं.

एका सकाळी तिची खुर्ची खिडकीच्या बाजूला लावलेली होती, म्हणून तिला दिसलं. मास्तर थांब्यावर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, एक कुबडी वर केलेली. गाडी जराही मंदावली नाही, सरळ निघून गेली.

"अहो, मास्तर राहिले," ती म्हणाली.

कंडक्टर जवळच उभा होता. "मागून येतेय मॅडम, रिकामी."

"ती रिकामी गाडी मला नका सांगू. थांबवली का नाहीत?"

"मॅडम, ते आपले नेहमीचे. चढायला वेळ घेतात. त्यांच्या थांब्याला ना उतार ना काही, पायरी ही एवढी. त्यांना सवय आहे." मग त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आणि ते खरे आहेत."

"खरे म्हणजे?"

"म्हणजे खरोखरच पाय नसलेले."

चष्मेवाली त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, तिची खात्री पटलेली नाही. तो खाली वाकला. "आम्हाला कळलंय मॅडम. डेपोत सगळ्यांना माहीत आहे. मुख्य ऑफिसने तपासायला माणसं सोडलीत, कोणाला खुर्चीत बसवून, कोणाच्या हातात पांढरी काठी देऊन. तुम्ही तर पहिल्या दिवशीच ओळखू आलात."

"कशावरून?"

"भिंगावरून. खांब मोजता, ओटा मोजता. एकदा आमच्या गाडीचं दार मोजलंत, फिरवून फिरवून. दुसऱ्याच दिवशी आम्ही दाराचं रबर बदलून घेतलं." तो जरा हसला, शिक्षकाला वही दाखवणाऱ्या पोरासारखा. "डेपोत तुम्हाला भिंगवाल्या मॅडम म्हणतात. तो खुंटसुद्धा तुमच्यासाठीच कापला. उशीर झाला, तेवढं मनावर घेऊ नका."

तिला आधी हसू आलं. मग अर्थ लागला. म्हणजे इतके दिवस ती या गाडीत बसत होती ती खोटी म्हणून. खरी असती तर मास्तरांशेजारी रस्त्यावर असती.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

आवाज तिचा नव्हता. दुकानदार ज्या आवाजात उधारीवाल्यांशी बोले, तो होता. पण कामाला आला. कंडक्टरने घंटी मारली, गॉगलवाल्याने ब्रेक दाबला, उभी माणसं एकमेकांवर कलंडली.

"मास्तर येईपर्यंत गाडी हलणार नाही. तुम्ही खाली उतरून त्यांना हाक मारा."

मास्तर आले. दोन कुबड्यांवर, घाई करत, आणि घाईमुळे आणखी हळू. गाडीत चुळबुळ सुरू झाली. "मॅडम, आम्हाला ऑफिस आहे," एकजण म्हणाला. त्याच्या मागची बाई फटकन बोलली, "त्यांना काय हवा खायला जायचंय?" मग वाद त्या दोघांत लागला आणि चष्मेवाली सुटली. पण पुढचा सिग्नल हिरवा होता तो लाल झाला, हे तिला दिसत होतं. दुकानदार एव्हाना किल्ली काढत असेल, हेही.

मास्तर चढले, तिच्याशेजारी धपकन बसले, धाप आवरली आणि आजूबाजूच्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गं चष्मेवाली, मोठी वट दिसतेय तुझी. दुकानात काचा घासता घासता गाड्या थांबवायला लागलीस?"

कंडक्टर तिकिटाचं यंत्र हातात धरून उभा होता, तो तसाच राहिला. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग बराच वेळ रस्त्याकडे.

तिचा थांबा आला. त्याने फळी टाकली, पण पुसली नाही. खुर्ची ओट्यावर आली तशी तो बाजूला उभा राहून खालच्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? आमच्यातला एकजण घरी बसलाय. त्याने एका आंधळ्याला थांब्यावर सोडलं, तो निघाला ऑफिसचा माणूस. माझ्या घरात कमावणारा मी एकटा. तुम्ही जे काय आहात ते खरं सांगा. मग मी माझं बघतो."

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं की उद्या, परवा, महिनाअखेर, सगळं सुरळीत. आणि मॅडम ऐकायला तिला वाईट वाटत होतं असंही नाही. पण हो म्हटलं की उद्यापासून तिला रोज खुर्चीत बसल्याचं सोंग करावं लागणार होतं, आणि ती तर खुर्चीतच बसलेली होती. शिवाय समोरच्या माणसाच्या कपाळावर घाम होता.

"मी कोणी नाही," ती म्हणाली. "त्या समोरच्या दुकानात काचा बसवते. सराव म्हणून खांब बघते. पाय खरेच गेलेले आहेत."

कंडक्टरने तिच्या पायांकडे पाहिलं. चपलांचे पट्टे जुने होऊन भेगाळले होते. तळ मात्र दुकानातून आजच आणल्यासारखे, कुठे झिजल्याची खूण नाही. तो ते तळ बघत राहिला. गॉगलवाल्याने हॉर्न दिला.

"अच्छा," तो म्हणाला. रागाने नाही, लोभाने नाही. फळी उलटली आणि गाडी गेली.

दुकानात दुकानदार तिच्या टेबलावर बसला होता, फ्रेमीचा स्क्रू शोधत. पुढे तीन गिऱ्हाइकं.

"परवाच म्हणालात, बस आता दारात लागते."

"आज एकांसाठी थांबवली, म्हणून उशीर झाला."

"कोणी थांबवली?"

"मी."

"तुम्ही बस थांबवलीत." त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, नकली नोट उजेडात धरून बघतात तसं. "उद्या शटर उघडायच्या आधी दिसलात तर बोलू. नाही दिसलात तर बोलायची गरजच नाही."

संध्याकाळी मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खरं सांगायला तुला सांगितलं कोणी?"

"त्यानेच विचारलं."

"विचारलं म्हणून लगेच सांगायचं? मला कोणी वय विचारलं तर मी सांगते का?" तिने मान हलवली. "आता तो डेपोत जाऊन सांगणार. उद्या खुंटसुद्धा परत रोवतील बघ."

"सिमेंट वाळलंय आता."

"त्यांना सिमेंट काय कमी आहे."

सकाळी चष्मेवाली नेहमीपेक्षा लवकर थांब्यावर गेली. खुंट रोवलेला नव्हता. पण त्यावर विसंबायचं कशाला, उद्या रोवतील. एक गाडी आली आणि न थांबता गेली. ड्रायव्हर अनोळखी होता. कंडक्टरने दारातून हात हलवला, तिने त्याचे शब्द ऐकायच्या आधीच मान फिरवली. काचांची डबी पिशवीत होती. तिने ती काढली नाही. आता काढली तर ते दाखवण्यासाठी होईल.

मग वळणावर गॉगलवाल्याची गाडी दिसली. चष्मेवालीने दोन्ही चाकं घट्ट धरली. गाडी मधोमध येत होती. तशीच आली, आली, आणि शेवटच्या क्षणी डावीकडे वळून ओट्याला चिकटून उभी राहिली.

कंडक्टर उतरला. फळी धाडकन टाकली.

"चला लवकर. खुर्चीच्या एका चाकाचा ब्रेक सुटलाय, एकाचा तसाच. रोजचं आहे तुमचं. माझी कंबर गेली या फळीपायी."

ती आत गेली. गाडी सुटल्यावर म्हणाली, "डेपोत सांगितलं नाहीत?"

"कशाला सांगू?" तो तिकिटाचं यंत्र खटखटवत म्हणाला. "इतकी वर्षं मी ह्याच्याबरोबर आहे. गाडी अशी ओट्याला लावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. घाबरलेला बरा असतो तो."

"आणि तुम्ही?"

"मी काय. कोण ऑफिसचा आणि कोण खरा हे ओळखत बसलो तर वेड लागेल. परवा एका म्हातारीला विचारलं, आजी, तुमची काठी खरी का? तिने तीच मारली." त्याने गुडघा चोळला. "त्यापेक्षा फळी टाकतो."

त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवायला तिला पुढच्या थांब्यापर्यंतचा वेळ होता. थांबा आला. गाडी मास्तरांच्या पुढ्यात लागली, अगदी अलगद. मास्तर आधीच एक कुबडी उगारून उभे होते, ती खाली घ्यायचीच विसरले. गॉगलवाला आसनावरून अर्धा उठला आणि त्याने मास्तरांना सलाम ठोकला.

मास्तर चढले. बसले. कुबड्या बाकाला टेकवल्या.

"त्याने मला सलाम केला," ते म्हणाले.

"केला असेल."

"का?"

कंडक्टर चष्मेवालीच्या कानाशी वाकला. "त्याला सांगितलंय, हे तुमचे वरचे साहेब."

"काय कुजबुजताय?" मास्तर म्हणाले. "मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात माझा जन्म गेलाय. मला सरळ सांग, ह्या लोकांना माझ्याकडून काय हवंय?"

हा प्रश्न तिला चांगला ओळखीचा होता. उत्तर सांगितलं तर मास्तर उभ्या गाडीत, आपल्या त्या गणिताच्या आवाजात, सगळ्यांना खरं काय ते समजावून देणार. त्यात गॉगलवालाही आला. नाही सांगितलं, तर म्हातारा माणूस मनात खडा घेऊन बायकोपुढे बसणार.

"परत येताना सांगते," ती म्हणाली. "काकू जाग्या असतील ना एवढ्यात?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून इमारतींच्या गच्च्यांवरच होतं. "असेल," ते म्हणाले. मग कॉलर सारखी केली. मग पुन्हा एकदा ड्रायव्हरच्या पाठीकडे बारीक डोळे करून बघितलं.

चष्मेवाली उतरली तेव्हा दुकानाचं शटर खालीच होतं. दुकानदार रस्त्याच्या पलीकडून येत होता, हातात किल्ल्या. तिला बघून त्याची चाल जरा मंदावली. त्याने बसच्या दिशेने पाहिलं, ती वळणावरून दिसेनाशी झाली होती.

"आज नाही कोणासाठी थांबवलीत?"

"थांबवली. तरी आले."

त्याने कुलूप काढलं, शटर वर ढकललं. ते नेहमीसारखं अर्ध्यात अडकलं. तिने खालून हात लावला, त्याने वरून, आणि ते गेलं.

"बोलू म्हणाला होतात," ती म्हणाली.

"काय बोलायचं त्यात?" तो आत जात म्हणाला. "ट्रे भरलाय. त्या निळ्या फ्रेमीपासून सुरुवात करा, त्या बाई लवकर येतात. आणि उद्यापासून मागच्या कुलपाची किल्ली तुमच्याकडे ठेवा, मला सारखं वाकवत नाही."

त्याच्या बोलण्यात कुठे खोच आहे का, हे तिने नीट शोधून पाहिलं. सापडली नाही, तेव्हा तिला जरा चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. मग तिने खुर्ची टेबलाला भिडवली आणि निळी फ्रेम उचलली.